माल मागवणाऱ्याने भाडे भरावे

भिवंडीहून कापडाच्या दोन गाठी मागवल्या की बिल्टीवर बहुधा ‘टू-पे’ असे लिहिलेले असते. म्हणजे ट्रकचे भाडे माल मागवणाऱ्याने माल सोडवून घेताना भरावयाचे. दलालाची दलालीही घेणारा किंवा विकणारा, दोघांपैकी एक व्यापारी देतो. ताक्याने आपले भाडे आपण भरले, ताक्याने दलाली दिली, असे पस्तीस वर्षांच्या धंद्यात मी तरी ऐकलेले नाही.

माणूस आखाती देशात नोकरीसाठी जातो तेव्हा मात्र नेमके हेच घडते. गरज तिकडच्या मालकाला असते. इमारत त्याची उभी राहायची असते, दुकान त्याचे चालायचे असते. पण व्हिसाची किंमत, एजंटाची दलाली, डॉक्टरी तपासणी आणि पुष्कळदा विमानाचे तिकीटसुद्धा जाणाऱ्याच्या खिशातून निघते. त्याचा खिसा रिकामा असतो म्हणूनच तो जात असतो. मग आईच्या बांगड्या निघतात, जमिनीचा तुकडा गहाण पडतो किंवा आमच्यासारख्या दुकानदाराकडे हात पसरावा लागतो.

व्यापाराच्या पानावर हा विषय कशासाठी, असे काही वाचक विचारतील. उत्तर सोपे आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी आमचे कापडाचे दुकान आहे. चिपळूण, खेड, दापोलीपासून महाड, म्हसळा, श्रीवर्धनपर्यंतच्या बाजारपेठांत ईदचा आणि लग्नसराईचा जो धंदा होतो, त्यामागे बाहेरून येणारा पैसा किती आहे हे प्रत्येक दुकानदार जाणतो. कोकणचा माणूस आजच बाहेर जाऊ लागला असे नाही. आगबोटीवर खलाशी म्हणून तो गेला, आफ्रिकेत गेला. दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊनमध्ये कोकणी मुसलमानांची जुनी वस्ती आहे. १९७३ नंतर तेलाचे भाव वाढले आणि त्याची वाट आखाताकडे वळली. सहा आखाती देशांत आज सुमारे ९० लाख भारतीय आहेत. रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीप्रमाणे परदेशांतून भारतात येणाऱ्या अशा रकमेत महाराष्ट्राचा वाटा २०.५ टक्के, म्हणजे केरळच्या १९.७ टक्क्यांहूनही थोडा अधिक होता. हा सगळाच पैसा कोकणचा नव्हे, मुंबई-पुण्याचा मोठा हिस्सा त्यात आहे. तरी आपल्या बाजारपेठेच्या गल्ल्याशी या धोरणाचा संबंध किती आहे, हे एवढ्यावरून ध्यानात यावे.

कुवेतचा पहिला धडा

माझे शिक्षण उर्दू शाळेत झाले. मराठी हिशेब आणि मराठी पत्रव्यवहार मी वडिलांच्या गादीवर शिकलो. मी दुकानात नुकताच बसू लागलो होतो तेव्हा, २ ऑगस्ट १९९० रोजी, इराकने कुवेत गिळले. त्यानंतरच्या काही आठवड्यांत एक लाखाहून अधिक भारतीय जॉर्डनच्या अम्मान शहरातून विमानांनी मुंबईला आणले गेले. सरकारचे ते काम मोठेच होते आणि त्याचे श्रेय दिलेच पाहिजे.

परंतु विमानतळाबाहेर पडल्यावर पुढे काय, याचे उत्तर कोणाकडे नव्हते. आमच्या दुकानात एक गृहस्थ आले होते. कुवेतमध्ये पंधरा वर्षे काढलेला माणूस. खिशात कुवेती दिनारांच्या नोटा होत्या आणि त्या बदलून द्यायला कोणी तयार नव्हते. मुलीच्या लग्नाचे कापड आधीच उधारीवर नेलेले होते. ते परत घ्या, असे सांगायला ते आले होते. वडिलांनी कापड परत घेतले नाही. ते म्हणाले, “भाईसाहेब, लग्न होऊ द्या. खाते कुठे पळून जाते?” ती उधारी वसूल व्हायला सहा वर्षे लागली.

त्या दिवशी मला पहिल्यांदा कळले की तिकडे पंधरा वर्षे राहिले तरी माणूस तिकडचा होत नाही, आणि इकडे त्याच्या नावावर काही जमा होत नाही. पुढील पस्तीस वर्षांत हे पुन्हा पुन्हा दिसले.

कफाला म्हणजे काय

आखाती देशांच्या धोरणाचा पाया म्हणजे ‘कफाला’ पद्धत. परक्या माणसाला तिथे राहावयाचे तर त्याचा एक कफील, म्हणजे जामीनदार, असावा लागतो. मालक हाच कफील. इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, त्याच्या नावाशी बांधलेला. नोकरी सोडायची तर त्याची परवानगी, देश सोडायचा तर कित्येक ठिकाणी तीही त्याचीच. कामगार न सांगता निघून गेला तर कफील ‘हुरूब’ची नोंद करतो. तशी नोंद झाली की काल कामाला असलेला माणूस आज फरारी ठरतो. पासपोर्ट ताब्यात ठेवणे कायद्याने मना असले तरी तो कपाटात मालकाच्याच असतो, हे तिकडे राहिलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

उर्दू शिकलेल्या माणसाला या शब्दाचे विशेष वाईट वाटते. ‘कफालत’ म्हणजे सांभाळ करणे, पोरक्याचा भार उचलणे. भार उचलणाऱ्यासाठी असलेला शब्द भार लादणाऱ्याला लावला गेला. मजुराची मजुरी वेळेवर देण्याविषयीची शिकवण आपणा सर्वांना पाठ आहे आणि तिकडच्या मालकांनाही ती पाठ आहे. तेव्हा अडचण शिकवणुकीची नसून कायद्याची आणि त्याच्या अंमलबजावणीची आहे.

सुधारणा झाल्याच नाहीत असे म्हणणे अन्यायाचे होईल. पगार बँकेमार्फत देण्याची सक्ती अमिरातीने २००९ मध्ये आणि सौदीने २०१३ पासून टप्प्याटप्प्याने केली. कतारने २०२० मध्ये नोकरी बदलण्यासाठी मालकाच्या परवानगीची अट काढली आणि २०२१ पासून महिना १००० रियाल हे किमान वेतन ठरवले. मालक जेवण व राहणे देत नसेल तर त्याचे ३०० व ५०० रियाल वेगळे. सौदी अरेबियाने मार्च २०२१ पासून खासगी कंपन्यांतील कामगारांना ठरावीक अटींवर नोकरी बदलण्याची मुभा दिली. मात्र त्या सुधारणेतून घरकाम करणारे, ड्रायव्हर, माळी यांना वगळण्यात आले. म्हणजे जो बंद दाराआड एकटा काम करतो आणि ज्याला तिची सर्वांत अधिक गरज होती, तोच बाहेर राहिला. ज्याच्या खिशात पैसा आहे त्याची मात्र चांगली सोय झाली आहे. वीस लाख दिरहमची मालमत्ता घेणाऱ्याला अमिरात दहा वर्षांचा ‘गोल्डन व्हिसा’ देते. ज्याने त्या इमारतीच्या विटा वाहिल्या त्याला दोन वर्षांचा परवाना, तोही दुसऱ्याच्या मर्जीवर.

एका पोराचा हिशेब

या साऱ्याचा हिशेब एका माणसाच्या खात्यावर मांडून दाखवतो. आमच्याकडे सहा वर्षे कामाला असलेला एक पोरगा होता. हात असा साफ की ताका उलगडून पावणेतीन मीटर फाडला तर गजाची गरज पडू नये. दहावी नापास. २००९ च्या अखेरीस शेजारच्या गावच्या एका माणसाने त्याच्यासाठी जेद्दाहून व्हिसा आणला. काम कापडाच्या दुकानातील, पगार १२०० रियाल. किंमत ७५ हजार रुपये. त्या वेळच्या सरकारी नियमाप्रमाणे एजंटाला कामगाराकडून फार तर ४५ दिवसांचा पगार, तोही २० हजारांच्या आत, घेता येत होता. पावती किती रकमेची मिळाली, असे मी त्याला विचारले. तो हसला आणि म्हणाला, “चाचा, याची पावती असते होय?”

४० हजार त्याच्या आईच्या दागिन्यांतून आले. ३५ हजार मी दिले, व्याज न घेता. व्याज घेतले नाही याचे मला समाधान होते. ते समाधान किती पोकळ होते हे पुढे कळले.

तिकडे गेल्यावर दुकान नव्हतेच. गोदामात हमाली होती आणि दुसऱ्या एका कागदावर सही घेऊन पगार ८०० रियाल ठरवला गेला. मुंबईच्या सरकारी कार्यालयाने परवानगी दिली ती १२०० च्या कागदावर. दोन कागद, एक इकडे दाखवायचा आणि एक तिकडे वापरायचा. आम्ही व्यापाऱ्यांनी दोन वह्या ठेवल्या तर विक्रीकरवाले धाड घालत. इथे दोन देशांच्या सरकारांच्या मधोमध दोन वह्या चालतात आणि कोणी तपासत नाही.

८०० रियालमधून ३०० स्वतःसाठी ठेवून तो ५०० घरी पाठवी. त्या वेळच्या भावाने ते सहा हजार चारशेच्या आसपास होत. म्हणजे घरच्यांनी त्यातला एक रुपयाही खर्चला नाही तरी व्हिसाचे ७५ हजार फिटायला जवळजवळ बारा महिने. दोन वर्षांच्या करारातले एक वर्ष त्याने मालकासाठी नव्हे, घरच्यांसाठीही नव्हे, फक्त व्हिसा विकणाऱ्यासाठी काम केले.

करार संपल्यावर तो एका कापडाच्या दुकानात लागला, १५०० रियालवर. इकामा जुन्याच कफीलच्या नावावर राहिला. त्याबद्दल वर्षाला तीन हजार रियाल तो कफीलला देई. याला आपले लोक ‘आझाद व्हिसा’ म्हणतात. त्यात आझाद काय होते, ते मला आजवर समजलेले नाही. मार्च २०१३ मध्ये सौदी सरकारने कायदा कडक केला आणि आपल्या कफीलखेरीज दुसऱ्याकडे काम करणाऱ्यांची धरपकड सुरू झाली. नंतर मुदत देण्यात आली, ती वाढवून ३ नोव्हेंबरपर्यंत नेली. एक लाखाहून अधिक भारतीय त्या काळात परतले. आमचा पोरगा त्यांतच होता. नाव बदलून देण्यासाठी कफीलने सहा हजार रियाल मागितले. ते नव्हते. पासपोर्ट मिळेना म्हणून भारतीय वकिलातीचा तात्पुरता कागद घेऊन तो आला. दोन महिन्यांचा पगार तिकडेच राहिला.

चार वर्षांचा त्याचा ताळेबंद असा: घराचा एक नवा पत्रा, बहिणीचे लग्न आणि माझ्या खतावणीत अकरा हजारांची बाकी.

सरकार मनात आणले तर करते

सौदी सरकारला आपल्या बेकार तरुणांना काम द्यावयाचे होते, म्हणून त्याने २०११ मध्ये ‘निताकत’ योजना आणली. त्यात गैर काही नाही. आपल्या माणसाला आधी काम, असे प्रत्येक देश म्हणतो. पण ओझे कोणावर टाकले ते पाहण्यासारखे आहे. जुलै २०१७ पासून सोबत राहणाऱ्या प्रत्येक बायको-मुलामागे महिना १०० रियाल शुल्क सुरू झाले आणि दर वर्षी शंभराने वाढत २०२० मध्ये ते ४०० झाले. चार माणसांमागे महिना १६०० रियाल. पगार अडीच-तीन हजारांचा असेल तर कुटुंब ठेवायचे कसे? आमच्या तालुक्यातील उर्दू शाळांत त्या दोन वर्षांत तिकडून परतलेली मुले दिसू लागली. बाप तिकडे, मुले इकडे.

२०१६ मध्ये तेल उतरले तेव्हा सौदीतील एका मोठ्या बांधकाम कंपनीचे हजारो भारतीय कामगार महिनोन्‌महिने पगाराविना छावण्यांत अडकले आणि त्यांच्या जेवणाची सोय वकिलातीला करावी लागली. २०२० मध्ये कोरोना आला. मे महिन्यापासून सरकारने विमाने पाठवून लोकांना आणले, पण कित्येकांचे थकलेले पगार आणि नोकरीअखेरचा हिशेब तिकडेच बुडाला. १२ जून २०२४ रोजी कुवेतच्या मंगाफ भागात कामगारांच्या इमारतीला आग लागून ४५ भारतीय मरण पावले. प्रत्येक वेळी आपले मंत्री जातात, विमान पाठवले जाते, मदत जाहीर होते. हे सर्व योग्यच आहे. परंतु आग विझवणे म्हणजे धोरण नव्हे.

आपल्या सरकारचे खाते

आपल्याकडे १९८३ चा उत्प्रवास कायदा आहे. त्याआधीचा १९२२ चा, इंग्रजांच्या वेळचा होता. दहावी न झालेला माणूस आखातासह काही ठरावीक देशांत कामाला जाणार असेल तर त्याने सरकारी परवानगी घ्यावी, असा नियम आहे. हेतू संरक्षणाचा. पण धाक अडल्या माणसालाच वाटतो, एजंटाला वाटत नाही. १९८३ च्या कायद्यात बेकायदा भरतीची शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजार रुपयांपर्यंत दंड अशी लिहिली गेली. १९८३ मध्ये दोन हजारांना किंमत होती. आज त्यात एक बरी सफारी शिवून होत नाही. एजंटाची फी २०१७ च्या नियमाने ३० हजार रुपये अधिक कर इतकी मर्यादित केली. आमच्या दुकानात बसून ऐकतो ते आकडे लाख-दीड लाखांचे असतात.

दोन गोष्टी मात्र मनाला लागून राहिल्या. जानेवारी २०१८ मध्ये सरकारने जाहीर केले की, ज्यांना परवानगी लागते त्यांचा पासपोर्ट नारिंगी रंगाचा असेल. म्हणजे विमानतळावर लांबूनच कळावे की हा कमी शिकलेला. टीका झाली आणि महिन्याच्या आत निर्णय मागे घेतला, हे बरे झाले. दुसरी गोष्ट अधिक मोठी. आखातात भारतीय कामगाराला किमान किती पगार मिळावा याचे आकडे आपले सरकार ठरवून देत असते. कोरोनाच्या काळात, सप्टेंबर २०२० मध्ये, ते तीस ते पन्नास टक्क्यांनी खाली आणण्यात आले. कारण हे की, आकडा उंच राहिला तर तिकडचे मालक दुसऱ्या देशांची माणसे घेतील. ओरड झाली, प्रकरण तेलंगणाच्या उच्च न्यायालयात गेले आणि २०२१ मध्ये जुने आकडे परत आले.

मी व्यापारी आहे. मंदीत भाव पाडून माल काढण्याची घाई मला समजते. पण मालाला पोट नसते. आणि जो व्यापारी एकदा निम्म्या भावाने विकतो त्याला तेच गिऱ्हाईक पुढच्या हंगामात पूर्ण भाव देत नाही, हेही मला ठाऊक आहे.

चांगल्या गोष्टींचीही नोंद घ्यावयास हवी. प्रवासी भारतीय विमा योजनेत दोन वर्षांसाठी २७५ रुपयांत दहा लाखांचा विमा मिळतो. अडल्या माणसाला मदत करण्यासाठी वकिलातींत २००९ पासून कल्याण निधी आहे. मात्र त्यातला पैसा येतो तो वकिलातीत कागद करायला आलेल्या भारतीयांच्याच शुल्कातून. केरळने १९९६ मध्येच बाहेर गेलेल्यांसाठी ‘नॉर्का’ हे स्वतंत्र खाते उभे केले. आपल्या तालुक्यात अशा कोणत्या खात्याची पाटी मी पाहिलेली नाही. आमचा माणूस अडकला की धाव घेतो ती ओळखीच्या पुढाऱ्याकडे किंवा जमातीच्या अध्यक्षाकडे.

“मग ते बांगलादेशी घेतील”

व्हिसाचा खर्च मालकाने द्यावा असे म्हटले की लगेच उत्तर येते: मग ते नेपाळी, बांगलादेशी घेतील. हा प्रश्न खोटा नाही. भाव मागणारा एकटा पडला तर बाजार त्याला गाळतो. पण फिलिपाइन्सकडे पाहावे. त्या देशाने घरकामाला जाणाऱ्या आपल्या बायकांसाठी २००६ च्या अखेरीस महिना ४०० डॉलर हा किमान पगार ठरवला आणि त्यांच्याकडून भरतीची फी घेण्यास मनाई केली. २०१८ मध्ये कुवेतमध्ये एका फिलिपिनो बाईचा खून उघडकीस आला, तेव्हा त्यांनी माणसे पाठवणेच थांबवले. तीन-चार महिन्यांत कुवेतला करार करावा लागला आणि त्यात पासपोर्ट मालकाने ठेवू नये, फोन काढून घेऊ नये, हे लिहून दिले. पाळले किती जाते हा पुढचा प्रश्न. पण आखाताने फिलिपिनो कामगार घेणे बंद केले नाही.

नेपाळनेही २०१५ मध्ये आखात आणि मलेशियासाठी ‘व्हिसा फुकट, तिकीट फुकट’ असे धोरण जाहीर केले. अंमल कच्चा राहिला, कारण शेजारी देश पैसे देऊन जाणारी माणसे पुरवीत होते. म्हणजे प्रत्येक देश दुसऱ्याकडे बोट दाखवतो आणि मालक मजेत राहतो. २००३ पासून माणसे पाठवणाऱ्या आशियाई देशांची ‘कोलंबो प्रक्रिया’ नावाची बैठक होते, तीत भारत आहे, नेपाळ आहे, बांगलादेश आहे, फिलिपाइन्सही आहे. आमच्या बाजारपेठेतील चार दुकानदार भांडत असले तरी उधारीचे दिवस किती द्यायचे यावर एकत्र बसून एक होतात. चार देशांना एवढे एक कलम ठरवता येऊ नये काय, की कामगाराकडून पैसे घेणार नाही? आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९९७ च्या कराराने (क्रमांक १८१) मूळ तत्त्व तेच ठेवले आहे. भारताने त्याला मान्यता दिलेली नाही.

आपल्याही घरात पाहावे

सरकारांवर बोट ठेवून मोकळे होता येणार नाही. त्या पोराला व्हिसा विकणारा अरब नव्हता. शेजारच्या गावचा, आपल्याच बिरादरीचा माणूस होता. त्याने कफीलकडून व्हिसा घेतला, वर आपला नफा चढवला आणि गावात उपकार केल्याचा मान मिळवला. गावोगाव असे आहे. भावाने भावाला, मामाने भाच्याला व्हिसा विकल्याची उदाहरणे प्रत्येक वाचकाला ठाऊक असतील. आणि ३५ हजार रुपये देणारा मी. मी पावती विचारली, पण पावती नाही म्हटल्यावर पैसे थांबवले नाहीत. माझ्यासारखे पैसे देणारे नसते तर ७५ हजारांचा भाव टिकला नसता. बिनव्याजी दिले एवढ्याने जबाबदारी संपत नाही.

म्हणून आता मी एक नियम केला आहे. व्हिसासाठी कोणी मागायला आला तर तीन गोष्टी विचारतो: एजंट नोंदणीकृत आहे काय, करार वाचता येईल अशा भाषेत हातात आहे काय, आणि पैशाची पावती मिळणार काय. तिन्हींचे उत्तर ‘होय’ असेल तर पैसे देतो. नसेल तर दुकानात काम देतो किंवा दुसरीकडे शब्द टाकतो. काही जण नाराज झाले. एक जण तर वर्षभर दुकानात आला नाही.

काय व्हावे

१९८३ च्या कायद्याच्या जागी नवा कायदा आणण्यासाठी २०१९, २०२१ आणि २०२५ मध्ये मसुदे लोकांपुढे ठेवले गेले. मसुद्यांवर सूचना मागवल्या जातात तेव्हा कोकणातून किती जातात? वकील आणि एजंटांच्या संघटना आपले म्हणणे मांडतात. आपण मात्र वर्तमानपत्र वाचून हळहळतो. व्यापारी म्हणून माझ्या मागण्या थोड्या आहेत.

१. भरतीची फी, व्हिसा आणि तिकीट यांचा खर्च मालकावर टाकावा. कामगाराकडून घेतलेली कोणतीही रक्कम गुन्हा ठरावी. फीची मर्यादा नको, फीच नको.

२. इकडे दाखवलेला करार हाच तिकडे बंधनकारक, अशी अट दोन्ही सरकारांच्या करारात असावी. त्याची मराठी, उर्दू, हिंदी प्रत कामगाराला निघण्यापूर्वी मिळावी.

३. किमान पगाराचे आकडे ग्रामपंचायतीत लावावेत आणि मंदीच्या नावाने खाली आणू नयेत.

४. परतलेल्या माणसाचा थकलेला पगार वकिलातीने त्याच्या वतीने तिकडच्या कोर्टात मागावा. तो हवाली करूनच ‘परत आणले’ असे म्हणावे.

५. रत्नागिरी आणि रायगड जिल्ह्यांत राज्य सरकारने एक-एक मदत कार्यालय उघडावे. जेथून पैसा येतो त्या लोकांसाठी एवढा खर्च जड नाही.

आखाताचा वाटा कमी होत आहे, हेही व्यापाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. रिझर्व्ह बँकेच्याच पाहणीप्रमाणे भारतात येणाऱ्या रकमेत सहा आखाती देशांचा हिस्सा २०१६-१७ मध्ये सुमारे ४७ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये सुमारे ३८ टक्क्यांवर आला. जो माणूस व्हिसाचे कर्ज फेडण्यातच निम्मी मुदत घालवतो तो बाजारात काय आणणार? त्याचा खर्च वाचला तर तो पैसा एजंटाच्या तिजोरीत न जाता आपल्या पेठेत येईल. म्हणजे न्यायाची गोष्ट बाजूला ठेवली तरी हिशेबाने हेच बरोबर ठरते.

तो पोरगा आता पोरगा राहिलेला नाही. आमच्याच दुकानात गल्ल्याशेजारी बसतो आणि मापाला अजूनही गज लागत नाही. अकरा हजारांची बाकी मी कधीच खोडून टाकली होती. त्याला ते कळले तेव्हा त्याने दर महिन्याला पाचशे कापून घ्यायला लावून ती फेडली. मागच्या वर्षी त्याच्या धाकट्या भावाला कतारचा व्हिसा आला. तो मला म्हणाला, “चाचा, तुमचे तीन सवाल त्याला तुम्हीच विचारा.” दोन उत्तरे ‘होय’ आली. पावती मिळणार नव्हती. भाऊ गेला नाही. त्याचे चुकले की बरोबर झाले, मला सांगता येत नाही. घरात अजून त्यावर बोलणे होते. अशी निवड एका गरीब घराला करावी लागू नये, एवढ्याचसाठी कायदा हवा असतो.